अण्णाचा धक्का

पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, हे वयाचं काहीतरी असणार.

शनिवारची सकाळ होती आणि मी अण्णाच्या घरामागच्या खाणीत पोहत होते. अण्णा माझा थोरला भाऊ. एका सरकारी कारखान्यात विजेच्या मोटारींच्या तपासणी विभागात त्याने सगळी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर बंगळूरचं पीण्या ओलांडून तासाभरावर, गावाबाहेर एक घर घेतलं. घरामागे दगडाची जुनी खाण. खाणकाम कधीचंच बंद पडलेलं. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी साठून तिचं खोल तळं झालेलं. काठावर चार घरं, बंगळूरच्या नोकरदारांची, शनिवार-रविवारी उघडणारी. अण्णा मात्र वहिनी गेल्यापासून तिथेच राहायला लागला होता.

वहिनी गेल्यावर पहिले सहा महिने तो कुणाशी फारसं बोलत नव्हता. मग एक दिवस त्याने लोखंड आणवलं आणि धक्का बांधायला घेतला. शेजारचे त्याला जेट्टी म्हणत, अण्णा धक्काच म्हणायचा. पाण्यात उतरवलेला लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या, टोकाला पाण्यात सोडलेली लोखंडी शिडी, एक दिवा आणि बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या होडीसाठी चार्जिंगचा पॉइंट. वायरिंग त्याने स्वतः केलं. सांगाड्याला अर्थिंगची जाड हिरवी वायर जोडून ती जमिनीखालच्या नळीतून घरापर्यंत नेली. ते सगळं त्याने मला तीन वेळा समजावून सांगितलं. मला एकदाही नीट कळलं नाही, पण तो पुन्हा बोलायला लागला होता, म्हणून मी तिन्ही वेळा ऐकून घेतलं.

मी एका संशोधन संस्थेत ग्रंथपाल होते. विजेबद्दल मला एवढंच ठाऊक की ओल्या हाताने बटण दाबू नये. पोहायला शिकले तीही पन्नाशी उलटल्यावर, मारतहळ्ळीला आमच्या अपार्टमेंटच्या पूलमध्ये. पण एकदा खाणीतल्या पाण्यात उतरले आणि पूल नकोसा झाला. महिन्यातून एक-दोनदा शनिवारी पहाटे निघायचं, गर्दी सुरू व्हायच्या आत यशवंतपूर पार करायचं, आठच्या सुमारास अण्णाकडे पोचायचं. पिशवी ठेवायची, न्हाणीघरातला गीझर लावायचा आणि थेट पाण्यात. परत येईपर्यंत आंघोळीचं पाणी तापलेलं असे.

त्या सकाळी मी खाणीच्या मधोमध जाऊन परत फिरले होते. धक्का चार हातांवर आला असेल, आणि दोन्ही दंडांत मुंग्या आल्या. हाताखाली उशी घेऊन झोपल्यावर येतात तशा, पण आतून थरथरणाऱ्या. आणखी एक हात मारला तर बोटं आखडली. छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं. मी ओरडले नाही, कारण ओरडायचं कशासाठी हेच कळेना. पायांनी पाणी ढकलत मागे सरकले, आणि जसजशी मागे गेले तसतशा मुंग्या कमी होत गेल्या. शेवटी पलीकडच्या काठावर खडकाला धरून बाहेर आले आणि अनवाणी, काट्याकुट्यांतून वळसा घालून घरी गेले.

"इकडून कुठून आलीस?" अण्णाने विचारलं.

"चालावंसं वाटलं," मी म्हणाले.

दुपारी तीनच्या सुमारास मी भीत भीत पुन्हा उतरले. शिडी धरूनच उभी राहिले. काहीही झालं नाही. पाणी नेहमीसारखं थंड आणि हिरवं होतं. मग तर मला खात्रीच झाली की दोष माझ्याच अंगात आहे. बंगळूरला परतल्यावर डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मानेचा एक्स-रे काढला, रक्त तपासलं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि पोहणं चालू ठेवा म्हणाले.

पुढच्या महिन्यात गेले तेव्हा सकाळी पुन्हा तेच. या वेळी मी शिडीच्या आणखी जवळ होते, आणि एक क्षण असा आला की हात माझे आहेत आणि माझं ऐकत नाहीत. कशी मागे फिरले ते आठवत नाही. त्या दिवशी मी अण्णाला सांगितलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. जेवणं झाल्यावर आपलं वीज मोजायचं मीटर आणलं, एक वायर पाण्यात सोडली, दुसरी काठावरच्या ओल्या मातीत खोचलेल्या सळईला लावली. दिवा लावून बघितला, बंद करून बघितला, चार्जर लावून बघितला, काढून बघितला. दर वेळी मीटरवर शून्य.

"बघ," तो म्हणाला. "ये, तूच वाच."

मी वाचलं. शून्यच होतं.

"तरी धक्क्याची लाइन मी बंदच ठेवतो. दिवा नको, चार्जिंग नको. घरातूनच बटण खाली. मग तर झालं?"

"झालं," मी म्हणाले. पण माझ्या मनाचं समाधान होत नव्हतं. एकीकडे माझे दंड होते, दुसरीकडे अण्णाचं मीटर. लहानपणापासून घरातला फ्यूज अण्णाने बांधायचा आणि आम्ही मेणबत्ती धरायची, अशी आमची वाटणी होती. त्याच्या मीटरला खोटं म्हणायला माझ्याकडे काय होतं? शिवाय तो धक्का बांधून झाल्यापासून तो पुन्हा दाढी करायला लागला होता. तेही माझ्या डोक्यात होतंच.

घराची देखभाल करायला एक नवरा-बायको होते, चिकोडीकडचे. मागच्या खोलीत राहायचे. बाई धक्क्यावर बसून भांडी घासायची, कपडे धुवायची. त्या संध्याकाळी मी निघताना ती माझी पिशवी घेऊन गाडीपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "अक्का, एक सांगू? राग मानू नका. तुम्ही आला की पाणी चावतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही नसता तवा काय नसतंय. सोमवार, मंगळवार, मी कोपरापर्यंत हात घालून कपडे धुते. तुम्ही आला की सकाळी स्वल्प चावतंय. जुम म्हणतंय हाताला."

"मग हे तू सरांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमची बहीण आली की पाणी चावतंय म्हणून?"

परतीच्या वाटेवर सगळा वेळ मी त्याचाच विचार करत होते. तिलाही होतं म्हणजे दोष माझ्या मानेत नव्हता. पण मी आल्यावरच होतं, म्हणजे काय? मी काय घेऊन येते? पाण्यात उतरण्यापूर्वी अंगाला तेल लावते, त्याने? माझ्या पोहण्याच्या कपड्याचं कापड? हसू नका, मी खरोखरच पुढच्या खेपेस तेल लावलं नाही. पाण्यातही उतरले नाही. धक्क्यावर बसून पाय वर घेऊन पाण्याकडे बघत राहिले. अण्णाला तिचं बोलणं सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं वाक्यच नव्हतं.

नंतरच्या भेटीत, रविवारी सकाळी, ते घडलं.

मी आंघोळीसाठी गीझर लावून अंगणात चहा पीत बसले होते. बाई भाजी निवडत होती. रात्री वारा सुटला होता आणि होडीचा दोर सुटून ती खाणीच्या मध्यावर गेली होती. बाईचा नवरा चांगला पोहणारा. तो काठावरच्या खडकांवरून पाण्यात उतरला, होडीपर्यंत गेला, तिचा दोर कमरेला बांधून परत यायला लागला. अण्णा धक्क्यावर उभा राहून त्याला सांगत होता, "सावकाश, सावकाश." मीही उठून तिकडे गेले.

त्याने येऊन शिडीची दांडी धरली. आणि मग तो वर चढेना. दांडी धरून तसाच राहिला. आधी मला वाटलं, दम लागला असेल. मग त्याचा चेहरा दिसला. तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. मान मागे ताणली गेली होती. पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत होतं.

"अरे, काय झालं?" म्हणत अण्णा शिडीकडे वाकला. त्याने चपला काढल्या. तो उतरणार होता. मी मागून त्याचा शर्ट धरला, दोन्ही मुठींनी.

"उतरू नकोस. त्याला हात लावू नकोस. करंट आहे."

"कसा असेल? लाइन बंद आहे. मी स्वतः बंद केलीय."

"माहीत नाही कसा. पण आहे. मला माहीत आहे तो कसा लागतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्याला विजेबद्दल काही सांगितलं असेल तर ते हेच. तो थांबला. फळ्यांवर होडीचा कोरडा बांबू पडला होता तो त्याने उचलला, आणि मी घराकडे धावले. मागून बाईचं किंचाळणं ऐकू आलं. मी वळून तिला ओरडून सांगितलं, "पाण्यात जाऊ नकोस, त्यांना धरून ठेव." कुणाला धरायचं हे मीच नीट सांगितलं नव्हतं. तिने अण्णाला धरलं.

बोर्ड पडवीत होता. त्यावर बारा-पंधरा बटणं, एक मोठा खटका. कोणतं कशाचं ते मला ठाऊक नव्हतं. मी सगळीच खाली ओढली, मोठा खटका सगळ्यात शेवटी. आत फ्रिजची घरघर थांबली. परत धावत गेले तेव्हा शिडीवर कुणी नव्हतं. मग दिसलं, अण्णा पालथा पडून बांबू पाण्यात घालत होता, आणि बांबूच्या टोकाला एक हात होता. खटका पडल्याबरोबर बाईच्या नवऱ्याची पकड सुटली आणि तो खाली गेला होता. पण कमरेला होडीचा दोर होता, म्हणून फार खाली गेला नाही. आम्ही तिघांनी त्याला दोराने, शर्टाने, केसांनी, जे हाताला लागेल त्याने वर ओढलं. तो खोकला. बाई त्याच्या पाठीवर थापट्या मारत कानडीत काहीतरी बोलत होती, शिव्या होत्या बहुतेक. दवाखान्यात त्याची छाती तपासली, एक दिवस ठेवून घेतलं आणि सोडलं. दोन्ही तळहात मात्र आठवडाभर बधिर होते.

दवाखान्याच्या बाकावर अण्णा एकच वाक्य म्हणत होता. "लाइन बंद होती." कुणाला उद्देशून नाही. मी त्याच्या शेजारी बसले होते. मी जिंकले होते का? तसं मुळीच वाटत नव्हतं.

घराची वीज तशीच बंद ठेवली. मंगळवारी पीण्याहून एक वायरमन आला. अण्णाच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली होता, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवतो. साठीला आलेला माणूस, अण्णाला अजून 'सर' म्हणायचा. अण्णाने त्याला धक्क्याची वायरिंग दाखवायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "स्वल्प थांबा, सर. धक्का राहू दे. त्या दिवशी सकाळी घरात काय काय चालू होतं?"

अण्णाने मीटर धक्क्यावर ठेवलं, तसंच, एक वायर पाण्यात, एक काठावरच्या सळईला. वायरमन पडवीत बोर्डापाशी उभा राहिला, मी मधे, एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवायला. मेन चालू केला. शून्य. दिवे. शून्य. फ्रिज. शून्य. पाण्याचा पंप. शून्य. "आता गीझर," वायरमन म्हणाला, आणि मी ओरडून सांगितलं, "आता गीझर."

अण्णा मीटरवर वाकला.

"किती आहे, सर?"

अण्णा म्हणाला, "बंद कर." मग म्हणाला, "पुन्हा लाव." मग पुन्हा बंद. असं त्याने तीन वेळा करायला लावलं. मी जवळ जाऊन बघितलं तर मीटरवरचा आकडा गीझरबरोबर उडी मारत होता आणि गीझरबरोबर खाली बसत होता.

वायरमनने मला समजावलं, अण्णाला समजावण्याची गरज नव्हती. गीझरच्या आत पाणी तापवणारी कॉइल तडकली होती, तिच्यातून वीज गीझरच्या पत्र्यात उतरत होती. ती अर्थिंगच्या वायरने घराबाहेरच्या खड्ड्यात, जमिनीत जायला हवी. पण तो खड्डा गाड्या लावायला फरशा घातल्या तेव्हा त्यांच्याखाली गेला होता. त्यात पाणी घालणं बंद झालं, आतली पट्टी गंजून तुटली. मग विजेने दुसरी वाट धरली. त्याच हिरव्या वायरने, अण्णाने इतक्या काळजीने जोडलेल्या, ती धक्क्याच्या सांगाड्यात गेली आणि तिथून पाण्यात. धक्क्याचं बटण बंद केलं तरी हिरवी वायर काही बटणातून जात नाही.

"नळाला हात लावून कधी मुंग्या आल्या नाहीत?" त्याने विचारलं.

नळ, पाइप, बादली, सगळं प्लास्टिकचं. नव्हत्या आल्या.

"आणि ईएलसीबी कुठे आहे, सर?" बोर्डावर एक रिकामी खाच होती, तिच्यावर त्याने बोट ठेवलं. वीज भलत्या वाटेने जायला लागली की क्षणात सगळं घर बंद करणारं ते यंत्र.

"मी काढला," अण्णा म्हणाला. "सारखा पडायचा. ही आली की हमखास पडायचा. ही न्हाणीघरात साबण लावून अंधारात. मला वाटलं, तोच बिघडलाय. नवा आणणार होतो."

वायरमनने खाचेवरचं बोट काढून घेतलं. अण्णा त्याचा साहेब होता.

मला मात्र तेव्हा कुठे कळलं की मी आले की पाणी का चावत होतं. अण्णा उन्हाळा-पावसाळा थंड पाण्याने आंघोळ करणारा माणूस. गीझर मी लावत होते. लावून पोहायला जात होते. जेवणानंतर, गीझर बंद असताना आम्ही मीटर लावलं होतं. आणि त्या रविवारी अंगणात बसून चहा पिताना, एक माणूस पाण्यात उतरलेला दिसत असताना, बटण मीच दाबून आलेली होते.

मी बाईला म्हणाले, "तू बरोबर सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण खरं सांगू अक्का? मला वाटलेलं तुमच्या अंगातच काय तरी हाय." ती हसली नाही. मीही नाही.

अण्णाने फरशा उखडून नवा खड्डा केला, गीझर बदलला, ईएलसीबी बसवला. धक्क्यावरचा दिवा आणि पॉइंट काढूनच टाकला. होडीची बॅटरी आता उचलून घरात आणतात. लोखंडी शिडीच्या जागी लाकडी आली. एवढं करूनही त्याने धक्क्याजवळ कुणी पोहायचं नाही असं ठरवलं. मी विचारलं, "आता तर सगळं नीट आहे ना?" तर म्हणाला, "मागेही मला तसंच वाटत होतं." बाईचा नवरा बरा झाला, कामावर आला, पण पाण्याला अजून हात लावत नाही. अण्णा त्याच्याशी बोलताना खाली बघतो. मी त्या दोघांकडे बघते आणि ठरवू शकत नाही. चूक कॉइलची, फरश्यांची, अण्णाची, की मला जे अंगावर कळलं होतं ते मीटरपुढे मी गिळलं, त्याची? कधी एक वाटतं, कधी दुसरं.

गेल्या शनिवारी अण्णा म्हणाला, "चल जरा माझ्याबरोबर." खाणीच्या पलीकडच्या काठावर ज्या जोडप्याचं घर आहे, त्यांनीही नुकती जेट्टी बांधून घेतली आहे, कठड्याला रंगीत दिव्यांच्या माळा लावून. दोघं तिशीतले, आयटीतले, अण्णाला 'अंकल' म्हणणारे. अण्णाने त्यांना सगळं सांगितलं, आपण ईएलसीबी काढला होता तेही. एवढं सरळ त्याने मलाही कधी सांगितलं नव्हतं.

"आमच्याकडे आहे, अंकल," तरुण म्हणाला. "बिल्डरनेच बसवून दिलाय."

"त्यावर एक छोटं बटण असतं, टेस्ट लिहिलेलं. कधी दाबलंय का? दाबलं की सगळं घर बंद पडायला हवं."

त्याने कधी दाबलं नव्हतं. दिवाणखान्यातला पंखा चालू होता, टीव्हीवर मॅच लागली होती. त्याच्या बायकोने मला कॉफी आणून दिली. तो बोर्डापाशी गेला, अण्णा त्याच्या मागे. बटण दाबल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला.

पंखा फिरत राहिला.

"अंकल, परत दाबू?" त्याने विचारलं.

"दाब," अण्णा म्हणाला.